सुलतानपूरच्या फवारायंत्राची झोप

झोपणे ही नैसर्गिक क्रिया आहे. उठणे ही मात्र प्रशासकीय बाब आहे.

सुलतानपूरच्या अन्नपूर्णाबाईंच्या रोपवाटिकेतले फवारायंत्र सौर बॅटरी वाचावी म्हणून दर वीस मिनिटांनी झोपे आणि ठरल्या वेळी उठून मिरचीच्या नऊ हजार रोपांवर पाणी उडवी. झोपण्याचे काम ते निर्दोष करी (यश शंभर टक्के). उठताना मात्र पाचांतून दोनदा बंद पडे. एप्रिलचे ऊन; आणखी दोन दिवसांत रोपे उभ्या जागी वाळली असती.

कंपनीने तक्रारीची तत्काळ दखल घेऊन यंत्राला झोपू देऊ नये, असा लेखी सल्ला दिला. यंत्र जागे ठेवले, तर रात्रीतून बॅटरीच झोपली. (सल्ल्याचे पालन झाल्याबद्दल कंपनीने समाधान व्यक्त केले.) बाईंनी झारी उचलली.

तिसऱ्या दिवशी कंपनीची इंजिनीअर रेणुका आली, मूळची शेगावची. लॅपटॉप जोडून तिने यंत्र साठ वेळा झोपवले, उठवले. चोवीस वेळा तिने जाहीर केले, की कर्नल कोसळला. बाईंनी हळहळून कर्नल कोणत्या गावचे, असे विचारले. (कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला मुख्य कारभारी प्रोग्राम. पेन्शन नाही.)

कोसळण्यापूर्वी कर्नल दर वेळी ओलावा मोजणाऱ्या सेन्सरला काहीतरी विचारी, एवढे लॅपटॉपवर दिसे. रेणुकाने सेन्सर बदलला, वायर बदलली, शेवटी स्वतःची बसण्याची जागा बदलली. कर्नल कोसळतच राहिला.

झारी घेऊन ये-जा करणाऱ्या बाई मात्र सेन्सरचा हिरवा दिवा पाहत होत्या.

"पोरी, हे मरते तवा दिवा मागून लागते," त्या म्हणाल्या. "तो उठलाच नाही, तं त्याले सवाल काऊन विचारता?"

रेणुकाने लॅपटॉपवरच्या वेळा दिव्याशी ताडून पाहिल्या. पाचांतून दोनदा सेन्सरला वीज पोचण्याआधीच कर्नल त्याला ओलावा विचारत होता, आणि उत्तर येईना म्हणून स्वतःच कोसळत होता. तिने क्रम बदलला: आधी वीज, मग अर्धा सेकंद शांतता, मग प्रश्न. यंत्र शंभर वेळा झोपले, शंभर वेळा उठले. शेवटच्या फवाऱ्याखाली दोघी मुद्दाम उभ्या राहिल्या आणि चिंब झाल्या.

कंपनीने श्रेय 'क्षेत्रीय निरीक्षणा'ला दिले (बाई त्यात कुठेतरी असाव्यात) आणि परिपत्रक काढले: झोपेतून उठलेल्या यंत्रास अर्धा सेकंद काहीही विचारू नये.

माणसांसाठी अशी तरतूद नाही. तशी मागणीही आलेली नाही. तुम्हीच आज सकाळी, एक डोळा मिटलेला असताना, मोबाइलवर तिघांना उत्तरे देऊन मोकळे झालात.