आगाऊ नमस्कार

दोन हजार बावीस साली दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्या पहिल्याच शनिवारी नांदेडच्या एका शाळेत शिक्षकांची बैठक झाली आणि तिला कुसुमताई वझरकर गैरहजर राहिल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. लोह्याला पुतणीच्या मुलाचं बारसं होतं. बैठकीला जो नसतो त्याच्या गळ्यात काम पडतं, हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण जनगणनेपासून वृक्षारोपणापर्यंत सगळी कामं शाळेत त्याच नियमाने वाटली जातात. सोमवारी कुसुमताई बारशाचे पेढे घेऊन आल्या तेव्हा त्या रग्बीच्या पंच झालेल्या होत्या.

"मुलींच्या सामन्याला बाईच पंच पाहिजे, असं वरून आलंय," मुख्याध्यापक अमृतराव पेढा तोंडात टाकत म्हणाले. "दोन दिवस लातूरला ट्रेनिंग, मग एक सामना. तीच परीक्षा. पास झालात की सर्टिफिकेट."

"सर, मला छप्पन्न पूर्ण झाली."

"नुसतं उभं राहायचं असतं हो. पेपरला नाही का तुम्ही तीन-तीन तास उभ्या राहत?"

"राहते. पण तिथं पोरं बसलेली असतात!"

अमृतरावांनी दुसरा पेढा घेतला. म्हणजे विषय संपला होता.

कुसुमताई गणित शिकवायच्या, पण जिल्ह्यात त्यांचं नाव होतं ते परीक्षेच्या पर्यवेक्षक म्हणून. एकदा प्लॅस्टर घालून आलेल्या एका मुलासमोर त्या उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "परवा इतिहासाच्या पेपरला हे डाव्या हाताला होतं." प्लॅस्टरमधून अख्खा भूगोल निघाला. त्यांनी कधी कुणाला सोडलं नाही, आणि स्वतः त्या शिशुवर्गापासून बीएडपर्यंत कुठल्याही परीक्षेत कधी नापास झाल्या नाहीत. त्यामुळे परीक्षा हा शब्द कानावर पडल्यावर आता माघार नव्हती.

"पडलीस तर?" रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या त्यांच्या यजमानांनी, मार्तंडरावांनी, घरी विचारलं.

"मी आजवर पडले नाही," कुसुमताई म्हणाल्या. त्या गुडघ्यांबद्दल बोलत नव्हत्या.

लातूरच्या ट्रेनिंगला शिकवायला उदगीरचा बसवंत नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा होता. पहिल्या दिवशी त्याने नियमांचं पुस्तक वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमताईंना ते पाठ होतं, शिवाय त्यातल्या छपाईच्या चुका त्यांनी पेन्सिलीने दुरुस्त केल्या होत्या. चेंडू पुढे फेकायचा नाही, फक्त मागे. चेंडू घेऊन पळणाऱ्याला कमरेखाली धरून पाडायचं, पण पाडल्यावर लगेच सोडून बाजूला व्हायचं. पडलेल्यानेही चेंडू लगेच सोडायचा. पलीकडच्या रेषेच्या आत चेंडू टेकवला की ट्राय, पाच गुण. मुलींचा सामना सात-सात जणींचा आणि सात-सात मिनिटांचे दोन भाग. हे सगळं त्यांना पटलं. अडलं ते एकाच ठिकाणी.

"म्याडम, एका टीमनं चूक केली," बसवंत समजावत होता, "पण चेंडू दुसऱ्या टीमला गावला आन ती पळून राहिली, तर शिट्टी मारायची न्हाई. हात लांब करून ठेवायचा फक्त. ह्याला ॲडव्हान्टेज म्हनत्यात."

"चूक डोळ्यांनी दिसली तरी?"

"दिसली तरी."

"मग ती चूक कुणाच्या नावावर टाकायची?"

"कुनाच्याच न्हाई. सोडून द्यायची."

कुसुमताईंनी वही मिटली. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला दिसला.

सामना डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी नांदेडलाच एका शाळेच्या मैदानावर ठरला. हदगावच्या मुली विरुद्ध लोह्याच्या मुली. जिंकेल ती टीम लातूरला जाणार होती. दोन्हीकडचे आईबाप जीप भरभरून आले होते, डबे, पाण्याच्या कळश्या आणि सतरंज्या घेऊन. कुसुमताई आयुष्यात पहिल्यांदा पँट घालून मैदानात उतरल्या, तेव्हा त्यांना ओळखणाऱ्या चार बायका पदर तोंडाला लावून हसल्या. खेळणाऱ्या मुली मात्र हसल्या नाहीत. पंच बाई आल्याबरोबर चौदाही मुली ताठ उभ्या राहिल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "नमस्ते म्याडम!"

"बसा," कुसुमताई सवयीने म्हणाल्या. चौदाही मुली मैदानात मांडी घालून बसल्या.

बसवंत रेषेबाहेर खुर्ची टाकून परीक्षेचा फॉर्म घेऊन बसला होता. त्याने काहीतरी लिहिलं.

खेळ सुरू झाला. हदगावची कप्तान मृण्मयी चेंडू काखेत घेऊन निघाली. बारीक अंगाची, पण सरीवरंब्यातून पळायची सवय असलेली पोर. लोह्याची कप्तान इरा तिच्या पायांवर झेपावली आणि दोघी धाडकन पडल्या. अगदी पुस्तकातल्यासारखं. आणि मग दोघींनीही जे केलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पडताना मृण्मयीचा पाय इराच्या खांद्याला लागला होता. तिने चेंडू तसाच एका हाताने धरून दुसरा हात इराच्या खांद्याला लावला आणि कपाळाला टेकवला. इराने तिची टाच धरली होती ती सोडली आणि तिनेही मृण्मयीला नमस्कार केला.

शिट्टी वाजली. "चेंडू सोडला नाही! बाजूला झाली नाही! दोघींचीही चूक!"

पुन्हा खेळ, पुन्हा पाडापाडी, पुन्हा पाय लागला, पुन्हा नमस्कार, पुन्हा शिट्टी. गावाकडे सराव करताना हा प्रश्न कधी आला नव्हता, कारण आपल्या मैत्रिणीला पाय लागला म्हणून कोण नमस्कार करतं? पण परगावची पोर म्हणजे पाहुणी, आणि कडेला आया बघत बसलेल्या. जरा कुणी नमस्कार करायचं विसरली की सतरंजीवरून आवाज यायचा, "अगं, पाय लागला न्हवं तिला!"

चौथ्या-पाचव्या शिट्टीला प्रेक्षकांचा धीर सुटला. मृण्मयीचे वडील रामकिशन गळ्यातला गमजा काढून रेषेपर्यंत आले.

"म्याडम, कामून वाजवून राहिले तुमी? पोरगी नमस्कार करू लागली, त्यात काय गुन्हा झाला?"

"चेंडू धरून नमस्कार करता येत नाही. नियम आहे."

"हे बगा, लेकरायला वळण लावतालावता आमचा जीव गेला. आन शाळेच्या म्याडमच म्हनून राहिल्या, नमस्कार करू नका!"

"करू नका म्हणाले नाही मी. आधी चेंडू सोडा आणि मग करा."

हा निकाल मुलींनी तंतोतंत पाळला. त्या आता चेंडू सोडून नमस्कार करू लागल्या. त्यामुळे चेंडू मध्ये मोकळा पडलेला, एकीकडे दोघी एकमेकींच्या पाया पडताहेत, आणि बाकीच्या बारा जणी आपली पाळी नसताना चेंडू कसा उचलावा म्हणून अदबीने थांबल्या आहेत, असं दृश्य दिसू लागलं. एकदा लोह्याच्या एका मुलीने धीर करून तो उचलला आणि ती पळत सुटली, तर तिची स्वतःची आईच ओरडली, "माय माय माय! पोरी नमस्कार करायल्यात आन ही चोरून पळायली!" पोर ओशाळली आणि चेंडू जागेवर आणून ठेवला. आणताना तो हातातून पुढे निसटला. शिट्टी वाजली.

सात मिनिटं संपली तेव्हा गुण शून्य-शून्य होते. मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि इरा गवत उपटत बसली होती.

बसवंत कुसुमताईंजवळ आला. बिचाऱ्याला बोलायचा संकोच वाटत होता. त्याची आईही त्यांच्याच वयाची होती.

"म्याडम, सात मिनटांत एकेचाळीस शिट्ट्या झाल्या."

"चुका एकेचाळीस होत्या."

"हाव, होत्या. पन सामना कुठं होता? रागावू नका, पन असंच चाललं तर मला तुमाला पास करता येनार न्हाई."

मार्तंडरावांनी दिलेल्या थर्मासमधलं कोमट पाणी कुसुमताई उभ्यानेच प्यायल्या. चुका सोडून देणं त्यांना जमणारं नव्हतं. मग उरला दुसरा रस्ता, तो म्हणजे चूक होऊच न देणं. पूजा संपली की आपण हात जोडून एकदाच सांगतो, कळत-नकळत काही राहिलं असेल तर क्षमा कर. प्रत्येक फुलामागे वेगळी क्षमा कुणी मागत नाही. मग नंतर मागायची ती आधी मागितली तर काय बिघडलं?

त्यांनी शिट्टी वाजवली. "मुलींनो, समोरासमोर दोन रांगा करा. हं. आता पुढच्या सात मिनिटांत जिचा जिचा पाय जिला जिला लागणार आहे, त्या सगळ्याचा मिळून एक नमस्कार आत्ताच करून घ्या. आगाऊ."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. इराने हात वर केला. "म्याडम, आगाऊ केला तर चालतो?"

"चालतो. रेल्वेचं तिकीट आगाऊ काढता ना? मग!"

चौदा मुलींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला. सतरंजीवरच्या आयांनी आधी एकमेकींना विचारलं, मग माना डोलावल्या. रामकिशन म्हणाले, "ह्ये बरं झालं. हिशेब मिटला."

आणि हिशेब मिटलेल्या त्या मुली जे खेळल्या ते बघून बसवंत खुर्चीवरून उठून उभा राहिला. आता कुणाची भीड उरली नव्हती. धरत होत्या, पाडत होत्या, उठत होत्या, मातीने लालकाळ्या झाल्या होत्या. आया सतरंजी सोडून रेषेला येऊन ओरडत होत्या, "धर तिला! तंगडी धर!" कुसुमताई चेंडूमागे पळत होत्या, आणि सहाव्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं की आपला हात कधीचा लांब झालेला आहे आणि शिट्टी तोंडात नुसतीच धरलेली आहे.

अजूनही शून्य-शून्यच होतं. शेवटचं मिनिट लागलं. मृण्मयी चेंडू घेऊन सुटली, एकीला चुकवलं, दुसरीला हुलकावणी दिली आणि रेषा पाच पावलांवर असताना वळली ती थेट पंचांवर. कुसुमताई उताण्या पडल्या. शिट्टी एकीकडे, टोपी दुसरीकडे. मृण्मयीचा पाय त्यांच्या दंडाला लागला होता.

रेषेवर गलका उडाला. आगाऊ नमस्कार मुलींचा मुलींना झाला होता. म्याडमचा त्यात हिशेब नव्हता. लोह्याच्या सातही मुली पळायचं थांबून कुसुमताईंच्या पायांशी गोळा होऊ लागल्या. मृण्मयी चेंडू काखेत धरून खाली वाकली. रेषा तिच्या पाठीमागे रिकामी पडली होती.

कुसुमताईंनी पडल्यापडल्या ती रेषा पाहिली, घाईघाईने नमस्काराला वाकलेली ती पोर पाहिली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं नमस्कार काय करतेस! पळ! आधी ट्राय कर!"

मृण्मयीने म्याडमची आज्ञा कधी मोडली नव्हती. ती पाच पावलं पळाली आणि चेंडू टेकवून परत येऊन पाया पडली.

हदगावच्या बाजूने एकच गिल्ला झाला. लोह्याच्या मुलींनी तक्रार केली नाही. म्याडमनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार. बसवंत तेवढ्यात धावत आला, त्यांना हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "म्याडम, लागलं न्हाई ना? दुसरा हाफ एक नंबर! मी पास लिहून टाकलं बगा."

"तुम्ही ऐकलं का मी काय म्हणाले ते?"

"न्हाई. लई गोंगाट होता. काय म्हनले?"

कुसुमताईंनी कपडे झटकले. बसवंतने ऐकलं नव्हतं. लोह्याकडून कुणी विचारत नव्हतं. एकतीस वर्षं ज्यांनी वर्गावर्गातून चिठ्ठ्या वेचल्या, त्यांनी आज भर परीक्षेत उत्तर मोठ्याने सांगितलं होतं, आणि ते पकडणारं माणूस सगळ्या मैदानात एकच होतं.

त्यांनी शिट्टी शोधून आणली आणि वाजवली. "हा ट्राय रद्द. पंचाला धडक बसली तिथेच खेळ थांबायला पाहिजे होता. तिथूनच पुन्हा सुरू करायचा. आणि पंचांनी एका मुलीला उत्तर सांगितलं. बसवंत, तुमच्या त्या फॉर्मवर हे लिहा."

"म्याडम, राहू द्या की! कुनाला काय कळनार हाय?"

"मला कळलंय. पास खोडा."

खेळ पुन्हा सुरू झाला. गर्दीतून चेंडू बाहेर आला तो इराच्या हातात, आणि इरा मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी पळाली की कुणाचा हात लागला नाही. लोहा पाच, हदगाव शून्य. शेवटची शिट्टी वाजली.

रामकिशन गमजा झटकत कुसुमताईंकडे येताना दिसले, तेव्हा बसवंत मध्ये उभा राहिला.

"बाजूला हो बापू," रामकिशन म्हणाले. "भांडायला न्हाई आलो. म्याडम, आमचं पोरगं गेलं हारून. तुमीच दिलं आन तुमीच काढून घेतलं. पन माझ्या लेकीला जलमल्यापासून समदे म्हनत आले, पाया पड, पाया पड. पळ म्हननाऱ्या तुमीच पैल्या. तेवढ्यासाठी आलो." आणि जाताना वळून म्हणाले, "डब्यात ज्वारीची भाकर हाय आन ठेचा. नापास झालं तरी जेवावं लागतं माणसाला."

त्या दिवशी कुसुमताई हदगावच्या सतरंजीवर जेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाल्यावर त्यांनी दीड भाकर खाल्ली.

लोह्याच्या मुली लातूरला गेल्या आणि पहिल्याच सामन्यात पस्तीस-शून्यने हरून हसत परत आल्या. इरा आता नर्सिंगला आहे. पेशंटला कमरेत धरून उठवण्यात तिचा हात कुणी धरत नाही. मृण्मयी दुसऱ्या वर्षी जिंकली, आणि आता पोलीस भरतीसाठी पहाटे हदगावच्या रस्त्यावर पळते; रामकिशन मोटारसायकलवरून मागे मागे जातात आणि दमून ती थांबली तर हॉर्न वाजवतात. बसवंतचं लग्न झालं, बायको कबड्डीची पंच मिळाली. अमृतराव निवृत्त झाले आणि निरोपाच्या भाषणात म्हणाले की शाळेतलं एक काम तरी त्यांनी योग्य माणसाला दिलं.

कुसुमताईंनी पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस पडले. मार्तंडरावांनी पेढे आणले, पण ते चार दिवस डब्यातच राहिले, कारण कुसुमताईंनी फेरतपासणीचा अर्ज केला होता. दोन गुण जास्त पडलेत, असं त्यांचं म्हणणं होतं. अर्ज मंजूर झाला, शेहेचाळीस झाले, आणि मग त्यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले.