कांबळेसाहेब उलटे होतात

यशवंत कांबळे कुणाशीही हात मिळवत नसत. समोरच्याने हात पुढे केला की ते दोन्ही हात छातीशी जोडून किंचित वाकत, आणि पुढे आलेला हात हवेत तसाच राही. आमच्या पाटबंधारे खात्याच्या कचेरीत याचे बरेच अर्थ लावले गेले. कुणी म्हणे गर्व आहे, कुणी म्हणे कातडीचा काही रोग असेल. मोठ्या साहेबांना मात्र ही सवय फार आवडे. "कांबळेंना आपली जागा कळते," असं ते एकदा चहा पिता पिता म्हणाले, तेव्हा खोलीतल्या आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाटलं असेल तर ते चहाबरोबर खाली उतरलं असावं.

खरं कारण कांबळेसाहेबांच्या तळहातांवर होतं. तिथं घट्टे होते. खाणीत दगड फोडणाऱ्या माणसाला असतात तसे. उपअभियंत्याच्या हाताला असे घट्टे पडायचं काही कारण नव्हतं. आमच्या खात्यात फार फार तर सही करणाऱ्या बोटाला घट्टा पडतो.

मला ते कळलं ते शेजारी म्हणून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमची आणि त्यांची भाड्याची घरं लागून होती. एका सकाळी पाण्याची टाकी भरली का ते बघायला मी गच्चीवर गेलो. पलीकडच्या गच्चीच्या कठड्याच्या वर, हवेत, दोन पाय चालले होते. पाय तेवढे, माणूस नव्हता. पाय कठड्याच्या टोकापर्यंत गेले, वळले आणि परत आले. मी वाकून पाहिलं. खाली, जिथं चप्पल असायला हवी तिथं, कांबळेसाहेबांचा लालबुंद चेहरा होता. शेजारी कमलवहिनी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि नवऱ्याच्या चेहऱ्याशी संपलेल्या गॅस सिलिंडरबद्दल बोलत होत्या.

"कुलकर्णी," तो चेहरा म्हणाला, "सरळ सांगतो. कचेरीत बोलायचं न्हाय."

"चहा टाकू का भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

'सरळ सांगतो' हा त्यांचा पालुपदाचा शब्द. उलटे असतानाही तो सुटत नसे. आणखी एक गंमत होती. कचेरीत ते अगदी छापील मराठी बोलत. 'आहे', 'नाही', 'तथापि'. उलटे झाले की मात्र 'हाय', 'न्हाय', 'व्हय' सुरू. जणू प्रमाण भाषा वरच्या खिशात असायची आणि उलटं झालं की खाली पडायची. "डोस्क्यात रगात जाऊ दे, राग नगं," हे त्यांचं आरोग्यशास्त्र. "पायावर उभारून बघितलं की मोठी माणसं लई मोठी दिसत्यात. ह्या बाजूनं बघा. पोटं सगळी हनुवटीवर येऊन पडत्यात का काय, असं वाटतंय."

हा छंद नोकरीपर्यंत पोचू नये म्हणून ते जी मेहनत घेत तीही व्यायामात धरायला हवी. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा. त्यावर दोन मापं मोठा बुशकोट, खांदे दिसू नयेत म्हणून. चेहऱ्याची लाली उतरल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. कचेरीत कुणी जोर-बैठकांच्या बढाया मारू लागला की हे अशा नवलाने ऐकत की यांना जिना चढतानाही धाप लागत असावी असं वाटे. एकदा कालव्याच्या पाहणीला गेलो असता जीप चिखलात रुतली. ड्रायव्हर आणि मी नुसते आवाज करत होतो. कांबळेसाहेबांनी मागून हात लावला आणि जीप बाहेर आली. ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी साहेब कमरेला पट्टा बांधून, कण्हत कचेरीत आले. त्या आठवड्यात ते खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घ्यायला एकदाही विसरले नाहीत.

"एवढं काय लपवायचं?" मी एकदा गच्चीवरून विचारलं. "कोल्हापूर आहे हे. इथं व्यायामाचं कौतुक असतं."

"कुस्तीचं असतंय," खालून उत्तर आलं. "हातावर चाललं की सर्कस. आन आमच्यातला चालला तर नुसतं सर्कस म्हणून थांबायचं न्हाईत. तुमास्नी धा चुका माफ हायत कुलकर्णी. आमाला एक. ती मी जपून ठेवलीया."

जपून ठेवण्याचं कारण होतं. सत्त्याण्णवच्या सुमारास कार्यकारी अभियंत्याची एक जागा रिकामी होणार होती. कांबळेसाहेब सगळ्यांत ज्येष्ठ, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, म्हणजे ही शेवटचीच संधी. त्या जागेच्या अखत्यारीत जो कालवा येत होता, त्याच्या खोदाईत त्यांच्या वडिलांनी मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. हे ते कुणाला सांगत नसत. मला वहिनींनी सांगितलं. मी आस्थापना शाखेचा प्रमुख असल्यामुळे बढत्यांचं मला आधी कळे, आणि मला कळलं ते असं की कांबळ्यांचं नाव पक्कं आहे.

मग बंडू शिपाई मध्ये आला. मोठे साहेब एका सकाळी अचानक दौऱ्यावर निघाले आणि कांबळ्यांना बोलवायला त्यांनी बंडूला घरी पाठवलं. दारात घरमालकीण हौसाक्का बसल्या होत्या. तोंडात एकही दात नाही, त्यात मिश्री.

"आत्ता न्हाय भेटायचं," हौसाक्का म्हणाल्या. "सायेब उलटं झाल्यात."

बंडूला ऐकू आलं, उलट्या झाल्यात.

"आं? कवापास्नं?"

"रोजचंच हाय की. पाटंला सुरू हुतंय, अर्धा तास तरी चालतंय."

"मग डाक्टरला दावलं न्हाय?"

"डाक्टर कशाला? उलट त्येनं मोकळं वाटतंय म्हणं त्येस्नी."

दुपारच्या डब्यापर्यंत कचेरीचं निदान झालं होतं. कांबळे पितात, आणि चांगलीच पितात. दुसरं काही कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्याच कचेरीत माने नावाचे दुसरे उपअभियंते होते. त्यांना खरोखरच सकाळी उलट्या होत, कारण ते खरोखरच रात्री पीत. त्याला आम्ही सगळे इतकी वर्षं पित्त म्हणत आलो होतो. माने पाटील घराण्यातले. पाटलांना पित्त होतं.

मी बंडूला गाठून सांगितलं, "अरे, उलट्या नाहीत, उलटं." त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुमी शेजारी हायसा, तुमी सांभाळून घेणारच की."

चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांनी कांबळ्यांना बोलावलं. बढतीचा विषय म्हणून मीही होतो.

"बसा कांबळे. मोकळेपणानं बोला. किती घेता?"

"काय, साहेब?"

"अहो, आम्हीही घेतो. त्यात काय! पण सकाळी उलट्या होईपर्यंत? तुमच्या लोकांचं हे असंच होतं बघा. शिकता, मोठे होता, आणि शेवटी गाडी तिथंच येऊन थांबते."

मी कांबळेसाहेबांकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहिलं. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली, आणि त्या दिवसापासून दारूच्या वासालाही उभं राहायचं नाही हे त्या घरात ठरलं होतं. कोल्हापुरात राहून ते पाळणं सोपं नाही. त्यांनी पाळलं होतं.

"सरळ सांगतो, साहेब," कांबळे म्हणाले. "मी दारू पीत नाही. मी हातांवर चालतो."

मोठ्या साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "कुलकर्णी, आत्ताही घेतलीय का हो यांनी?"

कांबळेसाहेब उठले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. बुशकोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. बूट काढून भिंतीशी जोडीनं ठेवले. आणि पन्नाशी ओलांडलेला तो माणूस, मोठ्या साहेबांच्या खोलीत, सतरंजीवर हात टेकून उलटा झाला. किल्ल्या पडल्या, कंगवा पडला, एस.टी.चा पास पडला. दारापासून कपाटापर्यंत, कपाटापासून टेबलाला वळसा घालून ते हातांवर चालत साहेबांच्या खुर्चीपाशी आले. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

"वास बघा, सायेब," खालून आवाज आला. "येतोय का?"

त्याच वेळी बंडू चहा घेऊन आत आला. सगळे कप फुटले.

मोठे साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांनी कांबळ्यांची पाठ थोपटली. मला वाटलं, सुटलं प्रकरण. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर त्यांनी पुण्याच्या वरिष्ठ कचेरीला फोन लावला. "माणूस निर्व्यसनी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण जरा तोल गेलेला आहे हो. मोठ्या खुर्चीवर कसं बसवायचं?" उभ्या खात्यात ज्याचा तोल कधीच गेला नाही असा तो एकच माणूस होता. जागा मान्यांना मिळाली, त्यांच्या पित्तासकट. व्यसन चालतं आमच्याकडे. त्याला निदान परंपरा आहे.

त्यानंतर काय काय झालं ते न सांगितलेलं बरं, पण थोडं सांगतो. "काय कांबळेसाहेब, आज हातावर का पायावर?" हे कारकुनांचं रोजचं झालं. वार्षिक स्नेहसंमेलनात मोठ्या साहेबांनी पाहुण्यांसमोर हाक दिली, "कांबळे, होऊन जाऊ द्या की एक फेरी!" लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. कांबळेसाहेबांनी उभं राहून हात जोडले, "मला तेवढी क्षमा असावी," म्हणाले आणि बसले. "बघा, चढलीय," मागून कुणीतरी म्हणालं. बदलीचा हुकूम मीच टाइप करून घेतला. गडहिंग्लजच्याही पलीकडे, जिथं खात्याचं एक गोदाम आणि त्यातली घुशींची वस्ती एवढंच होतं.

ते जायच्या आधी मी गच्चीवर विचारलं, "कशाला दाखवलंत? गप्प बसला असता तर चार दिवसांत विसरले असते."

त्या दिवशी ते सुलटे होते, तरी कोल्हापुरीत बोलले. "दोनच वाटा हुत्या. बेवडा न्हाय तर येडा. बेवडा म्हटलं असतं तर ते माज्या बापाला लागलं असतं, आमच्या समद्या गल्लीला लागलं असतं. येडा म्हटलं तर मला एकट्याला लागतंय. म्हणून येडा घेतला."

"पण हे शिकलात कुठं?"

"कुरुंदवाडाकडं आमच्या गावात तालीम हुती. मी दारात उभारून बघायचा. वस्ताद म्हणाला, मातीला पाय लावायचा न्हाय. म्हटलं, बरं. हातावर शिरलो. पार आखाड्याच्या मधोमध गेलो. पाय कुठं लागला न्हाय."

"मग?"

"मग काय? बडीवला की," असं म्हणून ते मनापासून हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या खाली बघून तांदूळ निवडत राहिल्या.

निवृत्तीनंतर त्यांनी कसबा बावड्यात दोन खोल्यांचं घर बांधलं. मुलगा पुण्याला. तोही इंजिनिअर, वडिलांच्या व्यायामाचा विषय सासरच्यांसमोर काढू नये अशी त्याची नम्र सूचना होती. दोन हजार चार साली कमलवहिनी गेल्या. मी भेटायला गेलो तो त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, आणि वहिनींचं न काढता व्यायामाचं विचारलं.

"सोडला," ते म्हणाले. "खांदा भरवशाचा राहिला न्हाय. आन उलटं होऊन बोलायचं कुणासंगं?"

आम्ही चहा घेतला. साखर कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून येत होता. निरोप घ्यायला मी उठलो तसे तेही उठले, आणि दाराकडे न येता भिंतीकडे गेले.

"कुलकर्णी, सरळ सांगतो. जरा पाय धरता का? पडंन असं वाटतंय."

नोकरीत मी पुष्कळांचे पाय धरले. ते सगळे खुर्चीत बसलेले होते. कांबळेसाहेब वाकले, हात टेकले, एकदा चुकले, दुसऱ्यांदा पाय वर आले आणि मी घोट्यांपाशी पकडले. घोटे गार होते. त्यांचा भार माझ्या कोपरांपर्यंत येत होता.  माझ्या तोंडासमोर त्यांचे तळपाय होते. काहीतरी बोलायला हवं होतं.

"डाव्या टाचेला भेग पडलीय," मी म्हणालो. "चांगलीच खोल आहे. औषध लावा."



"मला दिसत न्हाय ती," ते म्हणाले. "ही असती तर तिनं सांगितलं असतं."

मी पाय खाली सोडू लागलो.

"थांबा की," खालून आवाज आला. "धरा अजून जरा."