रोज एक कडवं

कादंबऱ्या बाजूला ठेवून कवितेला जास्त जागा द्यायची, असं चारुतानं ठरवलं. कारण फारसं उदात्त नव्हतं. आई जाऊन आठ महिने झाले होते, आणि जाडजूड कादंबरीच्या तिसऱ्या पानावर पोचलं की तिला पहिलं पान आठवेनासं व्हायचं. कविता निदान लवकर संपते. (मराठीत एम.ए. झालेल्या मुलीनं हे चारचौघांत बोलू नये.)

हर्सूलच्या त्या घरात आता ती आणि बाबा, दोघंच. आई होती तेव्हा चारुता टीव्हीच्या आवाजावरून बाबांशी रोज कडाकडा भांडायची. आता ती हळू बोलायची. बाबा त्याहून हळू. "गॅस बंद केलास?" एवढ्यावर दिवस निघायचा. तिला गुदमरायला व्हायचं.

म्हणून तिनं एक काव्यकादंबरी आणली. अख्खी गोष्टच कवितेत! दोघांनी वाचायची, मग त्यावर बोलायचं. पुस्तक जेवणाच्या टेबलावर ठेवून ती चपला घालत होती, तेवढ्यात कोपऱ्यावर तिच्या चितेगावच्या कंपनीची बस हॉर्न द्यायला लागली.

"बाबा, आजपासून रोज सकाळी चहाआधी एक कडवं!" ती दारातनं ओरडली. "चुकवायचं नाही! संध्याकाळी विचारणार आहे मी!"

बाबा दचकले. "बरं," म्हणाले.

संध्याकाळी तिनं विचारलं, "घेतलं का कडवं?"

"घेतलं."

"कसं वाटलं?"

"घशाखाली उतरेना. डोळ्यांत पाणी आलं."

पहिल्याच दिवशी डोळ्यांत पाणी! चारुताला पुस्तकनिवडीचा अभिमान वाटला. "मग उद्यापासून दोन."

"दोन?" बाबा चाचरले. "तुझी आई एकच द्यायची."

चारुता जागीच थांबली. आई? आई बाबांना कविता वाचून दाखवायची? कधी? आपण कॉलेजात असताना? पुढं विचारायचा तिला धीर झाला नाही. पण त्यानंतर बसमध्ये खिडकीशी बसून ती रोज त्या आईची कल्पना करायची. पदर खोचलेली, चष्मा नाकावर, हातात कविता.

पुस्तकाच्या कव्हरवर ओले गोल डाग पडायला लागले. (चहा घेता घेता वाचतात वाटतं!) स्वयंपाकाच्या रत्नमालाबाई म्हणाल्या, "ताई, साहेब लई कारली आणायलेत. अन् भाजी काय करू देईनात." चारुतानं लक्ष दिलं नाही. दुःखात माणूस काहीही आणतो.

रविवारी मिक्सरच्या घरघरीनं तिला जाग आली.

बाबा ओट्याशी उभे. त्यांनी हिरवागार रस ग्लासात ओतला आणि माशी बसू नये म्हणून वर काव्यकादंबरी झाकली.

"हे काय चाललंय?"

"कडवं. पहिलं झालं. हे दुसरं."

"बाबा! मी कवितेचं कडवं म्हणत होते!"

बाबांनी ग्लासाकडे पाहिलं, मग वरच्या झाकणाकडे. "असं होय! मला वाटलं, माझ्या शुगरचं."

"आणि आई काय द्यायची?"

"कारल्याचा रस. बळंच. कविता कसली, तिला मालिकांतून फुरसत कुठं होती?"

आठवडाभर जपलेली ती चष्म्यातली आई एका वाक्यात गेली. दुसऱ्यांदा गेल्यासारखी. चारुताचा तोल सुटला.

"मग विचारायचं नाही का? दोन दोन ग्लास ढोसत बसलात! काही डोकं-बिकं आहे की नाही?"

बाबा शांतपणे स्टुलावर बसले. "ती गेल्यापासून सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलल्यासारखं बोलतात, चारू. तूसुद्धा. त्या दिवशी दारातनं ओरडलीस ना... मला वाटलं, घर परत चालू झालं. मग म्हटलं, घेऊ. कडू तर कडू."

चारुतानं ग्लासावरून पुस्तक उचललं, नाइटीला पुसलं आणि पहिलं कडवं मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या ओळीत आवाज चिरकला, तरी शेवटापर्यंत नेलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"कसं वाटलं?" तिनं नाक ओढत विचारलं.

बाबांनी डोळे उघडले.

"दोन्हीतलं एकच घेतलं तर चालेल?"

तिनं मान डोलावली. बाबांनी हात पुढं केला आणि ग्लास उचलला.