ना कोंडली, ना सोडली

या हो, असे जवळ सरका. पोत्यावर बसा, पाटावर बसा, पण टाळी वाजवायला हात मोकळे ठेवा. आज सांगतोय ती गोष्ट टाळीचीच आहे, आणि आमच्या गावानं कोंबड्यांसाठी केलेल्या कायद्याची! दिल्लीत देशाची घटना झाली त्याला फार दिवस लोटले नव्हते. इकडे मूल गावाजवळच्या आमच्या धानाच्या गावात ग्रामपंचायत नवीकोरी, आणि मनसारामभाऊ तिच्यातले पंच. अख्ख्या चांदा जिल्ह्यात असा कायदा दुसऱ्या कुठल्या गावानं केला असेल तर आणून दाखवा!

मनसारामभाऊंना कीर्तनाचं भारी वेड. दोन कोसांवर मृदंगावर थाप पडली की यांचा घास ताटातच राहायचा. त्याच्या आदल्या वर्षी रंगनाथबुवांना गावात आणलं ते त्यांनीच. मारुतीच्या देवळापुढं मांडव घातला. आख्यान द्रौपदीच्या वस्त्रहरणाचं. दुःशासन साडी ओढतोय, भीष्म मान खाली घालून बसलेत, द्रौपदी कृष्णाला हाका मारतेय. बायांचे पदर ओले, मनसारामभाऊंच्या मिशाही ओल्या! आता कृष्ण येणार, हा आलाच... आणि आली कोण? शेजारच्या सोनीबाईची चितरी कोंबडी! नवरदेवासारखी ऐटीत मांडवातून चालत आली ती थेट पेटीवर चढली. पेटी 'भँऽऽ' करून ओरडली. चितरी घाबरून उडाली आणि बसली बुवांच्या पगडीवर!

रडणारा मांडव हसून लोळायला लागला. बुवांनी टाळ खाली ठेवले. "कोंबड्यांचा बंदोबस्त झाला, तर कळवा," एवढंच बोलले आणि आख्यान अर्धं टाकून बैलगाडीत जाऊन बसले.

तेव्हापासून भाऊंना अन्न गोड लागेना. जेवता जेवता हात थांबायचा.

"काय वो, ऐकतेस का?" ते बायकोला, गुणाबाईंना म्हणायचे. "द्रौपदी अजून तशीच सभेत उभी हाय. कृष्ण पोचलाच नाई."

"मंग तुमीच जा ना लुगडं घेऊन!" गुणाबाई म्हणायच्या.

लुगड्याऐवजी भाऊ कायदा घेऊन आले. पंचायतीच्या पहिल्याच सभेत उभे राहिले, घसा खाकरला आणि ठराव मांडला : गावात मोकळं जनावर किंवा कोंबडी दिसली, तर कोतवालानं धरून कोंडवाड्यात घालावी. सगळे 'हो' म्हणाले. तेवढ्यात भाऊंना देवाच्या नावानं सोडलेला सांड आठवला. देवाच्या जनावराला कोंडणार कोण? त्यांनी शेपूट जोडलं : देवाच्या नावानं सोडलेलं वगळून. हे शेपूट भाऊंना मूळ ठरावापेक्षाही आवडलं. कायदा आणि धर्म एकाच ओळीत! घरी येईपर्यंत त्यांची छाती सदऱ्यात मावेना.

लटारू कोतवालानं डफ बडवत गावभर हाळी दिली, "ऐका होऽ! कोंबडी मोकळी दिसली तं कोंडवाड्यात जाईन होऽ! देवाच्या नावानं सोडलेली सोडून होऽ!"

पहिली कैदी अर्थातच चितरी! लटारूनं तिला कोंडवाड्यात घातलं, फाटकाला साखळ लावली, घाम पुसला आणि वळला, तर चितरी त्याच्या पुढं चालतेय! कोंडवाडा बैलांसाठी बांधलेला. त्याच्या आडव्या लाकडांखालून कोंबडीच काय, तिचं अख्खं माहेर निघून गेलं असतं. शेवटी भाऊंनी स्वतःच्या अंगणात तिच्यावर डालं उपडं घातलं आणि वर दगड ठेवला.

कमरेला पदर खोचून सोनीबाई हजर!

"मनसारामभाऊ, माही कोंबडी सोडा!"

"काऊन? कायदा हाय."

"कायद्यातच हाय म्हनून सांगून राह्यली. मी तिले मातामायच्या नावानं सोडली."

"कवा?"

"आत्ता. येता येता."

"आन नवस कायचा केला?"

"तुमचा कायदा उठू दे म्हनून!"

लटारूनं डफ तोंडापुढं धरला, पण हसू डफामागून ऐकू यायचं ते आलंच. भाऊंनी बिचाऱ्यांनी दगड उचलला. नवस मोडायला लावायचं पाप कोण घेणार? चितरी डाल्याखालून निघाली ती मान ताठ करून, जणू तिला आता पंचापेक्षा मोठा हुद्दा मिळालाय.

दिवे लागेपर्यंत गावातली एकूण एक कोंबडी देवाची झाली. भाऊंच्या घरचीसुद्धा!

"तू बी?" भाऊ कळवळले.

"आपली काळी काय पापी हाय?" गुणाबाई म्हणाल्या.

इकडे गाव आपल्या कोंबड्या देवाला वाहून मोकळं झालेलं, आणि तिकडे कायद्याची बातमी ऐकून बुवा खूश! आख्यान पुरं करायला येतो, असा त्यांनी निरोप धाडला. कीर्तनाच्या दिवशी दुपारी मांडव सजला. मांडवात श्रोत्यांआधी कोंबड्याच येऊन पोचल्या होत्या. आणि लटारू धावत आला, "भाऊ, बुवाची गाडी तलावाच्या पाळीवर आली!"

भाऊ मांडव सजवणाऱ्या बायांकडे धावले. आज जर बुवा फिरले, तर पुन्हा या गावाचं तोंड पाहणार नाहीत. द्रौपदी जन्मभर उभी!

"बाई हो, एवढा वेळ कोंडा वो त्यायले!"

"कोंडलं तं देवाची कशी राह्यली?" सोनीबाई म्हणाली. "उद्या लटारू धरून नेईन, तवा काय सांगू?"

"मंग मोकळ्या ठेवता काय?"

"मोकळ्याच ठेवा लागते. तुमीच केला ना कायदा?"

आणि त्या क्षणी भाऊंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला!

"कोंडूबी नोका, सोडूबी नोका! ज्याची त्यानं मांडीवर घेऊन बसा!"

काय तोडगा! कायदाही राहिला, नवसही राहिला. गुणाबाईंनी काळी आणून भाऊंच्या मांडीत ठेवली. "ही धरा. आपली हाय."

बुवा मांडवात शिरले आणि थबकले. समोर अख्खं गाव मांडी घालून बसलेलं, आणि प्रत्येक मांडीवर एक कोंबडी, डोळे मिचकावतेय.

"मनसारामजी, हे काय?"

"बंदोबस्त, महाराज!" भाऊ छाती काढून म्हणाले.

बुवांनी एकदा पगडी चाचपली आणि आख्यान धरलं. काय रंग चढला म्हणून सांगू! कोंबड्यासुद्धा उबेनं पेंगल्या. दुःशासन आला, साडीला हात घातला. बायांना डोळे पुसायचे होते, पण हात कोंबड्यांत गुंतलेले. आसवं पिसांवर टपकत होती.

"मायबाप हो!" बुवांचा आवाज चढला. "द्रौपदीनं एका हातानं पदर धरला होता आणि एका हातानं देवाला बोलावत होती. देव आला का? नाही आला! मुठीत काही आवळून धरलंय तोवर देव बाहेरच थांबतो. मग द्रौपदीनं दोन्ही हात सोडले! तुम्हीही सोडा! हात वर करा, वाजवा टाळी, बोला विठ्ठल, विठ्ठल!"

पहिले हात वर गेले ते मनसारामभाऊंचे. डोळे मिटलेले. आणि त्यांच्यामागं अख्ख्या गावाचे!

पुढं काय झालं ते सांगायला शंभर तोंडं हवीत. मांडवात पिसांचं वादळ उठलं! मृदंगावर कोंबडी, पेटीत कोंबडी, लटारूच्या मुंडाशात कोंबडी. आणि चितरी? ती जुनी जागा विसरली नव्हती. बुवांच्या पगडीवर!

भाऊंनी डोळे उघडले. हात अजून वरच होते, पण जीव पार तळाला गेला.

बुवा डोक्यावर चितरी घेऊन उभे. ओठ थरथरले. आणि ते पोट धरून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले.

"अरे, जन्मभर सांगत आलो, देवाचं नाव आलं की हातातलं सोडा. लोक टाळी वाजवतात, पण सोडत कोणीच नाही. खरोखर सोडणारं गाव आज भेटलं!"

आणि चितरीला तशीच पगडीवर ठेवून त्यांनी आख्यान पुरं केलं. कृष्ण आला! साड्यांवर साड्या, रंगांवर रंग! मनसारामभाऊ उठून नाचले आणि लहान लेकरासारखे रडत धपकन खाली बसले.

"दरवर्षी येईन," जाताना बुवा म्हणाले.

भाऊ घरी आले ते हत्तीवरून आल्यासारखे. "पाह्यलंस? असं गाव नाई, म्हनले बुवा! कायदा केला म्हनून झालं हे!"

"हो ना," गुणाबाई म्हणाल्या. "आता मांगून धोतर पाहा. काळीनं मांडीवर अंडं घातलं व्हतं, आन तुमी नाचून त्याच्यावरच बसले. देवाचं अंडं व्हतं वो ते!"

तर मंडळी, कुठंही कीर्तनात टाळीला हात उचलाल, तेव्हा आमच्या मनसारामभाऊंची आठवण ठेवा. आणि खाली बसताना, जरा बघून बसा.