गुहेत साप न येण्याची बावीस वर्षे

एका जंगलात, मुलांनो, साप उदंड होते. बांबूच्या बेटात होते, ओढ्याकाठी होते, लांडग्यांच्या घळीत तर भरदुपारी हिंडत. पण सिंहाच्या गुहेत मात्र बावीस वर्षांत एकही साप शिरला नव्हता.

असं का, असं तुम्ही विचाराल. शहाणी मुलं विचारतातच. सिंहाच्या दरबारात मात्र हे कुणी कधी विचारलं नाही.

गुहेच्या तोंडाशी जांभळीच्या मुळांत एक बीळ होतं. तिथे दगडूअण्णा मुंगूस आणि त्यांची बायको चंद्रभागा राहत. बीळ नोकरीबरोबर मिळालेलं होतं. अण्णांचं काम एकच. दिवस मावळायच्या वेळी पलीकडच्या वारुळाशी जाऊन उभं राहायचं. वारुळात नागनाथ नावाचा म्हातारा नाग होता, सगळ्या भाऊबंदांचा कारभारी. तो डोकं बाहेर काढी, अण्णांकडे बघे. अण्णा त्याच्याकडे बघत. मग नाग मुकाट आत जाई आणि बाकीचे सापही गुहेची वाट सोडून देत. पहिल्या वर्षी दोघांत मारामारी झाली होती, अण्णांच्या कानाचा तुकडा त्यातच गेला. पुढे नुसतं उभं राहणं पुरे झालं.

दरबाराची एक रीत होती. दर सोमवारी प्रत्येकाने आपल्या कामाची वर्दी द्यायची. वानर आठवड्याला तीन बिबटे बघे. त्या जंगलात बिबट्या औषधालाही नव्हता, पण वर्दी ऐकून सिंहाच्या अंगावर काटा येई आणि वानराला जादा केळी मिळत. अण्णांची पाळी आली की ते उठत, "साप आला नाही" म्हणत आणि खाली बसत. बावीस वर्षं हेच. दरबार जांभई देई.

एके दिवशी सिंहाने तरसाला पशुबळ अधिकारी म्हणून आणलं. तरसाने नदीपलीकडची तीन जंगलं सुधारली होती. तिथे आता जंगल उरलं नव्हतं, पण सुधारणा भरपूर होती. तरसाने सगळ्या वर्द्या काढून वाचल्या आणि अण्णांना बोलावणं धाडलं.

अण्णा गेले तर तरस म्हणाला, बसा. बावीस वर्षांत दरबारात कुणी त्यांना बसा म्हटलं नव्हतं. अण्णा अवघडून दगडाच्या कडेला टेकले. तरसाने पळसाचं एक पान पुढे सरकवलं. त्यावर लिहिलं होतं, 'मी स्वखुशीने सेवेतून मुक्त होत आहे.' खाली पंजा उमटवायला जागा सोडली होती. बदल्यात टोपलीभर अंडी, शाल आणि नारळ. बीळ मात्र अमावस्येच्या आत रिकामं करायचं. शनिवारपर्यंत पंजा उमटला नाही, तर बदली खाऱ्या माळावर. तिथे साप नव्हते, तसं पाणीही नव्हतं.

"तुमच्याबद्दल महाराजांना फार आदर आहे," तरस म्हणाला. "पण अण्णा, साप तर येतच नाहीत."

"मी आहे म्हणून येत नाहीत, साहेब."

"असेल. पण त्याला पुरावा काय?"

अण्णांनी पुष्कळ विचार केला. पुरावा म्हणजे गुहेत आलेला साप. तेवढाच त्यांच्याजवळ नव्हता.

घरी चंद्रभागेने पान दोनदा वाचलं. ती रडली नाही. "अहो, ही खुशी कुणाची लिहिलीय?" एवढंच तिने विचारलं.

मग अण्णा चारचौघांचा सल्ला घ्यायला निघाले. वानर म्हणालं, मी तुमच्या पाठीशी आहे, आणि झाडावर चढून बसलं. कासव म्हणालं, मलाही असंच पान आलं होतं, माझा अजून विचार चाललाय. शेवटी दिवस कलला आणि पाय आपसूक वारुळाकडे वळले. अण्णांनी नागनाथाला सगळं सांगून टाकलं. दुसरं होतं कोण?

नाग म्हणाला, "अण्णा, एक करू. उद्या भर दरबारात मी आत येतो. तुम्ही मला हुसकवा. चार जण बघतील. तुमची नोकरी राहील, माझंही म्हातारपण शांततेत जाईल."

अण्णांच्या अंगावरचे केस उभे राहिले. "बावीस वर्षं तुम्हाला उंबरा ओलांडू दिला नाही, नागनाथ. आता पोटासाठी मीच बोलावू?"

"बघा बुवा," नाग म्हणाला. "वानर तर नसलेले बिबटे बोलावतं."

अण्णा मागे फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तरसाकडे एकच मागणी केली. अंडी नकोत, शाल नको. फक्त एक ओळ लेखी द्या, की दगडू मुंगसाच्या काळात गुहेत साप आला नाही. तरसाने समजुतीने मान हलवली. तसं लिहून दिलं तर बावीस वर्षं तुम्हाला कशासाठी पोसलं, असं उद्या कुणी विचारेल, तो म्हणाला. अण्णा त्या पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी पंजा उमटवला. त्यांना रडू आलं होतं, पण समोर तरस होता.

शनिवारी संध्याकाळी निरोप समारंभ झाला. सिंह स्वतः आला. तरसाने भाषणात अण्णांना तीनदा धोंडूअण्णा म्हटलं. अण्णा शाल पांघरून दगडावर बसले होते. दिवस मावळला आणि बावीस वर्षांत प्रथमच वारुळाशी कुणी उभं नव्हतं.

नागनाथाने डोकं बाहेर काढलं. वाट पाहिली. अण्णा कधी चुकत नसत. आजारीबिजारी तर नाहीत ना, म्हणून तो काळजीने सरपटत निघाला आणि थेट समारंभात येऊन पोचला.

मग काय विचारता. सिंह चौथऱ्यामागे, तरस सिंहामागे. वानर शेंड्यावर पोचलं, वर्दी द्यायची विसरलं. अण्णा तेवढे शालीसकट उठले आणि नागासमोर उभे राहिले. नागाने त्यांच्याकडे बघितलं. अण्णा धडधाकट आहेत अशी खात्री झाल्यावर तो मुकाट परत गेला.

सिंह बाहेर आला. "शूर दिसतो. कोण हा?"

"आपलाच सेवक, महाराज," तरस म्हणाला. "कालच मुक्त केला."

"म्हणजे नोकरी नसतानाही करतो?"

"आत्ताच पाहिलंत ना, महाराज."

"मग हरकत नाही," सिंह म्हणाला आणि नारळ द्यायला पुढे झाला.

सोमवारी तरसाने नागनाथाला सर्पसुरक्षा सल्लागार नेमलं. सापाच्या खोडी सापालाच ठाऊक, असं त्याने दरबाराला पटवलं. राहायला जांभळीच्या मुळांतलं बीळ दिलं. नागनाथाला संकोच वाटला. पण तोही संसारी होता.

अण्णा आणि चंद्रभागा ओढ्यापलीकडे गेली. आठ दिवसांनी वानर धापा टाकत आलं. सल्लागारांनी आपले सात भाचे मदतीला घेतले होते. भाचे तरुण होते, त्यांना जुनी ओळखदेख ठाऊक नव्हती. महाराज तीन दिवस चौथऱ्यावर उपाशी उभे होते. तरससाहेब सुट्टीवर गेले होते. अण्णांना असाल तसे निघा म्हणून निरोप होता.

दिवस मावळत होता. अण्णांच्या मिशा ताठ झाल्या. ते उठले, दोन पावलं चाललेसुद्धा. चंद्रभागेने घडी करून ठेवलेल्या शालीकडे फक्त बघितलं. अण्णा थांबले.

"महाराजांना सांग, पुरावा आला," अण्णा वानराला म्हणाले. "पण मी गेलोय तो स्वखुशीनं. पान त्यांच्याच दप्तरात आहे."

आणि ते पुन्हा खाली बसले.

तात्पर्य : मुलांनो, सेवा इमानेइतबारे करावी, पण इतकी चोख करू नये की ती दिसेनाशी व्हावी. महिन्यातून एखादा साप आत जाऊ द्यावा.