विमलताई बोलल्या की काटा थांबतो

दारव्हा रोडवरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात आठवडाभर रोज तेच घडत होतं. चार वाजता वरच्या मजल्यावरच्या रेडिओ केंद्रातून पाककृती सांगायला विमलताई "नमस्कार" म्हणाल्या, की खाली वजनकाट्याचा कॉम्प्युटर मान टाकायचा. कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत तुंबायच्या.

"पोरी, तुह्या रेडिओची नजर लागली माह्या काट्याले," जिनिंगचे मालक बबनराव सुरभीला म्हणाले. "उद्या बंद पडला, तं खोल्या खाली करून द्या."

सुरभी केंद्राची तंत्रज्ञ. मिक्सर एका कंपनीचा, माइकचा आवाज नेटवर्कवर पाठवणारा डबा दुसरीचा. नेटवर्कवर दोघं एकमेकांना ओळखच देईनात. शेवटी तिने डब्याला सांगितलं, सगळ्यांनाच आवाज पाठव, ज्याला हवा तो घेईल. मिक्सरने घेतला. पण नेटवर्क जिनिंगचं. विमलताईंची पाककृती प्रिंटरपासून काट्यापर्यंत प्रत्येकाच्या दारात जाऊन उभी राहू लागली. काट्याच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला ते सोसेना.

"मंजे मी लय बोलते का व?" विमलताई हिरमुसल्या.

"नाही हो ताई. तुमचं बोलणं नको त्या घरी जातं, एवढंच."

सुरभीने मिक्सर आणि डबा जिनिंगच्या नेटवर्कवरून काढले, दोघांना वेगळ्या वायरने जोडलं. दुसऱ्या दिवशी चार वाजले, "नमस्कार" झाला, आणि काटा चालूच राहिला. सुरभीला स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली.

फक्त शेवटी, श्रोत्यांचे फोन घ्यायच्या वेळी, फोन वाजला नाही. एकदाही.

"काल तं दम घेऊ देत नव्हते लोक," विमलताई पुटपुटल्या.

सुरभी खाली काट्यावरच्या शब्बीरभाईंकडे गेली.

"काटा बंद पडे, तं गाडीवाले काय करतील? मोबाइलवर तुमचा रेडिओ लावत," ते म्हणाले. "आता कोनाले फुरसत हाय?"

म्हणजे केंद्राचे सगळे श्रोते तिने स्वतःच्या हातांनी दुरुस्त करून टाकले होते. रात्री तिला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी विमलताई "नमस्कार" म्हणाल्या आणि काटा बंद पडला.

सुरभी धावत खाली आली. वायरी जागच्या जागी होत्या. काट्याच्या केबिनमध्ये बबनराव कानाला मोबाइल लावून बसले होते, दुसऱ्या हातात काट्याचा प्लग.

"काका, हे काय?"

"मीच काढला. अंबाडीच्या भाजीत कण्या आधी टाकाच्या का मागून, काल काटा चालू, तं ट्रॅक्टरच्या घरघरीत ऐकूच नाही आलं. घरी भाजी बिघडली, बोलणी मले बसली." त्यांनी तिला हाताने गप्प केलं. "चूप राह्य जरा. रिंग जाऊन राह्यली."

वरच्या मजल्यावर फोन वाजला.