मोहाच्या झाडाची खरी नक्कल

अस्सल कागद हा जगात एकच असतो आणि तो कुणालाच मिळत नाही. नक्कल मात्र अर्ज करील त्याला मिळते. यावरून समाजाचा गाडा अस्सलावर नव्हे, नकलेवर चालतो हे कुणाही विचारी माणसाच्या ध्यानात येईल. निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या वांकिडीकडच्या एका तहसील कचेरीत हे तत्त्व पुरतं पचवलेलं होतं. (ती कचेरी आता नाही, तिथले कागदही नाहीत, तेव्हा कुणी शोधायला जाऊ नये.) तिथे अस्सल कागद कपाटात वाळवीच्या देखरेखीखाली असत, आणि त्यांच्या नकला करायला व्यंकटराव असत.

व्यंकटराव बावीस वर्षं नकलनवीस होते. या मुदतीत त्यांनी अकरा हजार चारशे सहा नकला केल्या आणि त्यांत चूक एकही नाही. गावच्या पाटीलपटवाऱ्यांचे जुने मोडी कागद ते समोर ठेवत आणि ओळीला ओळ, वेलांटीला वेलांटी उतरवत. अस्सलात शाईचा डाग असला तर नकलेतही त्याच जागी, त्याच आकाराचा डाग पडे. मक्षिकास्थाने मक्षिका असं लोक इतरांना हिणवून म्हणतात. व्यंकटरावांच्या बाबतीत ते हात जोडून म्हणत. पेशकार सुधाकरराव, म्हणजे कचेरीचे मुख्य कारकून, कधीकधी घाईत नक्कल दाव्याच्या मिसलीत लावत आणि अस्सल पक्षकाराला देऊन टाकत. असं किती वेळा झालं याचा आकडा उपलब्ध नाही, कारण ते ओळखायला काही साधनच नव्हतं.

असा हा सुखी माणूस सन १३४० फसलीच्या, म्हणजे इंग्रजी १९३०च्या, दिवाळीत बिघडला. बिघडवणारे त्यांचे साडू अनंतराव. हे चांद्याला राहत, तीन साहित्यसभांना हजर राहिलेले होते आणि एका सभेत त्यांनी आभारही मानले होते. चिवडा खाताखाता त्यांनी व्यंकटरावांची एक नक्कल हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली, आणि म्हणाले,

"अक्षर मोत्यासारखं आहे, वाद नाही. पण व्यंकटराव, यात तुम्ही कुठे आहात?"

"म्हणजे?"

"कलावंतानं स्वतःचा हात शोधला पाहिजे. हा हात तुमचा नाही."

व्यंकटरावांनी नकळत हाताकडे पाहिलं. त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई लाडवांचं ताट घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "काऊन, खाली सही हाय ना त्यायची? मंग कुठं हाय काय विचारता भाऊजी?"

पद्मिनीबाईंनी हे बाजू घेऊन म्हटलं होतं, पण घाव तिथेच बसला. व्यंकटराव कामावर रुजू झाले तेव्हा आधीचे नकलनवीस यशवंतराव त्यांना म्हणाले होते, "जसं हाय तसं उतरवत जा." व्यंकटरावांनी मोठ्या श्रद्धेनं पहिल्या दिवशी यशवंतरावांची सहीच उतरवली होती. नाव तेवढं आपलं घातलं. वळण, फराटा आणि शेवटचे दोन ठिपके यशवंतरावांचे. म्हणजे बावीस वर्षं ते ज्या खुणेनं हे मी लिहिलं असं सांगत होते, ती खूणही नक्कलच होती. हातातला लाडू त्यांनी तसाच ताटात परत ठेवला.

अनंतरावांनी जाताना उपाय लिहून दिला. हा उपाय तेव्हाच्या सर्व कलावंतांत चालू होता, आणि त्याची एकच प्रत सगळीकडे फिरत होती. पहाटे निसर्गात बसावं. डोक्याला तेल लावू नये. माणसांत असताना मधूनच गप्प व्हावं. एखादं दुःख बाळगावं. स्वतःचं नसल्यास जवळच्या नातेवाइकाचं चालेल. आणि काव्य करावं.

व्यंकटरावांनी हे सगळं अक्षरशः पाळलं, कारण समोर लिहिलेलं अक्षरशः पाळणं हेच त्यांना येत होतं. आठ दिवस बिनतेलाच्या डोक्यानं नाल्याकाठी बसून त्यांनी चंद्रावर कविता केली. ती अशी सुरू होत होती: "लिहून देणार चंद्रमा, राहणार आकाश, कारणें लिहून देतो ऐसा जे, माझ्या मालकीचं व वहिवाटीचं चांदणं..."

पद्मिनीबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, "चांगली झाली. साक्षीदारायच्या सह्या तेवढ्या राह्यल्या."

अशा चार कविता झाल्या. तपासाअंती एक खरेदीखत निघाली, एक गहाणखत, एक आरती, आणि चौथी अनंतरावांच्या उपायाच्या कागदाची हुबेहूब नक्कल. व्यंकटराव खचले. कचेरीत त्यांचा हात पहिल्यांदाच जड पडू लागला.

याच सुमारास देवकाबाई कचेरीत आल्या. सीमेकडच्या एका खेड्यात त्यांचं पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, शेत होतं. नवरा वारलेला, वहिती त्या स्वतः करत. उत्तरेला चंपतरावांचं शेत होतं. चंपतराव दरसाल नांगरताना चार तास, म्हणजे नांगराच्या चार रेघा, पुढे सरकत. हे ते वाईट हेतूनं करत नसत, त्यांच्या बैलांना तशी सवय होती. देवकाबाईंना तक्रार दाखल करायची होती, आणि त्यासाठी आपल्या शेताच्या चतुःसीमेची नक्कल हवी होती.

अस्सलात एकच ओळ कामाची होती: "उत्तरेस मोहाचं झाड, त्यापलीकडे चंपतरावाच्या आज्याचं शेत."

व्यंकटरावांनी 'उत्तरेस' लिहिलं, 'मोहाचं झाड' लिहिलं, आणि तिथे त्यांच्या लेखणीतून तीन शब्द आपसूक उतरले: 'म्हातारं पण मानी.' अकरा हजार चारशे सहा नकलांनंतर हे पहिलंच विशेषण. व्यंकटरावांना दरदरून घाम आला, आणि घामाबरोबर इतका आनंद झाला, की तो लपवायला ते पाणी प्यायला उठले.

पण माणूस मुळात नकलनवीस. समोर अस्सल असल्याशिवाय त्यांना एक काना काढवत नसे. विशेषण कशाच्या आधारावर ठेवणार? झाड मानी आहे की नाही हे पाहणं भाग होतं. शुक्रवारच्या सुट्टीला छकडा करून ते देवकाबाईंच्या शेतावर गेले. बावीस वर्षं त्यांनी या तालुक्यातली शेतं लिहिली होती; शेतात उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. चपलेत ढेकूळ गेलं तेव्हा त्यांना पोटखराब, म्हणजे लागवडीला नालायक जमीन, या शब्दानं नेमकं काय म्हणायचं असतं याचा थोडा अंदाज आला.

"मोह कुठं हाय बाई?"

देवकाबाईंनी पायानं जमीन दाखवली. "हे काय. इथं होता. माही सासू होती तवाच पडला."

"आणि ते?" शेताच्या मधोमध एक तरणं मोहाचं झाड उभं होतं.

"ते मांगून उगवलं. चंपतराव म्हन्ते, कागदावर मोह हाय ना? मंग हाच मोह. हद्दीचा धुरा इथंच."

म्हणजे कागदाप्रमाणे देवकाबाईंचं अर्धं शेत चंपतरावांचं होत होतं, आणि ते कागदाप्रमाणे बरोबर होतं. व्यंकटरावांनी वाकून माती उकरली. काळं, कुजकं मूळ हाताला लागलं.

"दर खेपी वखराले अटकते," देवकाबाई म्हणाल्या. "मुन्शीजी, आमच्या घरानं चारदा नक्कल नेली. काऊन पाह्याले कोनी नाही आलं?"

"बाई, आमी अस्सल पाहून लिहितो. अस्सल कचेरीत असते."

देवकाबाईंनी खाली पाहिलं. "आन हे काय हाय मंग?"

कचेरीच्या कुठल्याही नमुन्यात हे लिहायचा रकाना नव्हता. व्यंकटराव तिथेच धुऱ्यावर बसले. दुपार होईपर्यंत त्यांनी 'म्हातारं पण मानी' खोडलं आणि नवी नक्कल लिहिली: "उत्तरेस मोहाचं झाड होतं. आता नाही. त्याची मुळं वखराला लागतात. देवकाबाई जागा पायानं दाखवतात. तिथं उभं राहिलं की सावली नाही एवढंच कळतं. दक्षिणेला पन्नास पावलांवर दुसरा मोह आहे, तो लहान आहे आणि त्याला या भांडणातलं काही ठाऊक नाही." खाली त्यांनी 'खरी नक्कल' असं लिहिलं आणि सही केली. सही वाकडीतिकडी झाली. ठिपके दिलेच नाहीत.

घरी पद्मिनीबाईंनी कागद वाचला. वाचतावाचता पदर डोक्यावर ओढला.

"काय झालं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"काही नाही. वाचताना ऊन लागून राह्यलं मले," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसायला आत गेल्या. अनंतरावांनाही एक प्रत चांद्याला पाठवली होती. त्यांचा अभिप्राय आला की मजकूर फार साधा आहे, अशानं नाव होत नाही, आणि तेल पुन्हा लावायला सुरुवात केली आहे काय?

बहमन महिन्यात, म्हणजे डिसेंबराच्या सुमारास, सुनावणी निघाली. चंपतरावांनी मागल्या साली घेतलेली नक्कल पुढे केली, देवकाबाईंनी यंदाची. दोन्हींवर एकच शिक्का, दोन्ही व्यंकटरावांच्या हातच्या, आणि मजकूर दोन तऱ्हेचा. पेशकार सुधाकररावांनी आदल्या दिवशीच व्यंकटरावांना बाजूला घेऊन समजावलं होतं.

"हात सरकला म्हणा. ताप होता म्हणा. घोटाळा मिटवून टाकू. बावीस वर्षं झाले, पेन्शन समोर दिसून राह्यलं, काऊन वाळूत मुतता?"

व्यंकटराव रात्रभर तळमळले नाहीत. ते गाढ झोपले, आणि याचंच पद्मिनीबाईंना भय वाटलं.

तहसीलदारसाहेब उमदे गृहस्थ होते. त्यांनी कागद वर धरला. "मुन्शीजी, ये आपने लिखा?"

"जी सरकार."

"अस्सल देखके लिखा?"

"देखके लिखा सरकार. जाके देखके लिखा."

हे ऐकून कपाटातल्या वाळवीनंही काम थांबवलं असावं. साहेबांनी मजकूर उर्दूत करून मोठ्यानं वाचायला लावला. सावलीच्या वाक्यापाशी त्यांनी हात वर केला आणि ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग उसासा टाकून त्यांनी निकाल दिला. तो कायद्याच्या दृष्टीनं इतका निर्दोष आहे, की त्यातली कलमं इथे देणं जरूर आहे:

एक, नक्कल अस्सलाशी जुळत नाही, सबब नकलनवीस कसूरवार. दोन, अस्सल जमिनीशी जुळत नाही, ही गोष्ट खेदाची आहे. तीन, जमीन स्वतः कचेरीत दाखल झालेली नाही, सबब तिची साक्ष धरता येत नाही. चार, तरी गिरदावरांनी जागेवर जाऊन नवा अस्सल कागद तयार करावा, आणि पुढचा निकाल त्यावर व्हावा.

गिरदावर हे जमिनीची पाहणी करणारे अनुभवी अंमलदार. ऊन लागतं हे त्यांना शेतावर न जाताही माहीत होतं. त्यांनी घरी बसून व्यंकटरावांची नक्कल समोर ठेवली आणि तिच्यावरून अस्सल तयार केलं: शब्दाला शब्द, सावलीसकट. त्याप्रमाणे देवकाबाईंना त्यांचं शेत परत मिळालं. चंपतरावांच्या बैलांना नवी सवय लावावी लागली, ती महिन्याभरात लागली.

आता नक्कल आणि अस्सल यांत काडीचाही फरक उरला नाही, तेव्हा व्यंकटरावांचा कसूर कुठे राहिला असा प्रश्न सुधाकररावांनीच, काहीशा लाजेनं, वर पाठवला. उत्तर आलं की कसूर झाला त्या तारखेला तो कसूरच होता. व्यंकटरावांची बदली बेज्जूरकडे, जंगलात झाली. तिथे नक्कल मागायला कुणी येत नसे. देवकाबाई निरोपाला ज्वारीचं पोतं घेऊन आल्या. व्यंकटरावांनी नको म्हटल्यावर पोतं छकड्यात टाकून पायीच परत गेल्या.

बेज्जूरला व्यंकटराव सुखात राहिले. रोज प्राणहिता नदीकडे फिरायला जात, दिसेल ते लिहीत, आणि महिनाअखेर ते सरकारी अहवाल म्हणून पाठवून देत. कचेरीत ते 'इतर' या सदरात जमा होत. पद्मिनीबाई मात्र ते आधी वाचत, आणि पावसाळी अहवालाच्या वेळी घोंगडी घेऊन बसत.

इकडे कचेरीत त्यांच्या हाताची फॅशन आली. नव्या अस्सलावरून बाकीचे कारकून नकला करू लागले आणि लोकांना त्यांची गोडी लागली. "आमच्याबी शेताले ते सावलीवालं टाका ना जी," असे तोंडी अर्ज येत. सालभरात तालुक्यातल्या दोनशे बारा शेतांत उभं राहिलं की सावली नाही एवढंच कळू लागलं; त्यांपैकी एकशे नव्वद शेतांत झाडं होती. अनंतरावांनी चांद्याला या शैलीवर व्याख्यान दिलं.

अखेर रिकाम्या जागेसाठी सूचना निघाली. नकलनवीस पाहिजे; स्वतःचा हात असलेल्यांस पसंती. अर्ज स्वतःच्या शब्दांत लिहावा. नमुना कचेरीच्या दाराला लावला आहे.

त्रेचाळीस अर्ज आले. त्रेचाळिसांची पहिली दहा वाक्यं एकच होती. अकराव्या वाक्यात प्रत्येकानं आपण इतरांहून वेगळे कसे आहोत हे सांगितलं होतं, आणि तेही एकाच शब्दांत.

वाचकहो, तुम्ही अर्ज केला असता तर असं लिहिलं नसतंत, याबद्दल शंका नाही. तरी सवडीनं ट्रंक उघडा, लग्नाआधी बायकोला पाठवलेलं ते पहिलं पत्र काढा, आणि ते कोणत्या मित्राचं पाहून लिहिलं होतंत, तेवढं आठवा. बायकोला विचारू नका. तिच्या मैत्रिणीकडेही तेच आहे.